सरकार आणि उद्योग यांच्यातील ऐच्छिक ऊर्जाबचत करारांनी खरोखर बचत होते का?

कायद्याची सक्ती नसताना केवळ सरकारशी करार केला म्हणून कंपन्या ऊर्जा वाचवतील यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि असे करार आपल्याकडच्या लहान कारखान्यांसाठी उपयोगी पडतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी ऊर्जा परीक्षणाचे काम करतो आणि या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते बचत होते. मात्र करारामागे कर किंवा कायदा ठामपणे उभा असावा लागतो आणि मोजमाप करार करणाऱ्यांच्या हाती राहून चालत नाही.

या करारांचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण नेदरलँड्सचे आहे. तेथील सरकारने १९९२ पासून एकेका उद्योगक्षेत्राच्या संघटनेशी दीर्घ मुदतीचे करार केले. १९८९ हे पायाभूत वर्ष धरून २००० पर्यंत ऊर्जा-कार्यक्षमता साधारण २० टक्क्यांनी सुधारायची, असे उद्दिष्ट ठरले. करार पाळणाऱ्या कंपन्यांवर पर्यावरण परवाना देताना ऊर्जेबाबत आणखी कडक अटी लादल्या जाणार नाहीत, अशी हमी त्या बदल्यात मिळाली. प्रत्यक्ष सुधारणा २२ टक्क्यांच्या थोडी वर गेली. परंतु नंतरच्या अभ्यासांतून असे दिसले की, या बचतीपैकी सुमारे एक चतुर्थांश ते निम्मा भागच करार आणि त्यासोबतच्या साहाय्य योजनांच्या खात्यावर जमा करता येतो. उरलेली बचत जुनी यंत्रे बदलताना तशीही झालीच असती. मला हा हिशेब निराशाजनक वाटत नाही, कारण मोठे वादंग न होता एवढी जादा बचत पदरात पडणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र संपूर्ण २२ टक्क्यांचे श्रेय करारांना देणारा कोणताही दावा मी मान्य करणार नाही.

ब्रिटनचा अनुभव अधिक सावध करणारा आहे. तेथे १ एप्रिल २००१ पासून उद्योगांच्या ऊर्जावापरावर हवामान बदल कर लागू झाला आणि सरकारशी करार करणाऱ्या क्षेत्रांना त्यात ८० टक्के सूट मिळाली. पहिल्याच टप्प्यात उद्दिष्टापेक्षा कितीतरी अधिक बचत नोंदवली गेली. काही प्रमाणात पोलाद उत्पादनातील घट त्यामागे होती. शिवाय उद्दिष्टेच सौम्य होती, कारण आपल्या यंत्रांत अजून किती वाव आहे हे उद्योगांना ठाऊक होते आणि वाटाघाटीला बसलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना तेवढे ठाऊक नव्हते. पुढे संशोधकांनी कारखानानिहाय आकडे तपासले, तेव्हा पूर्ण कर भरणाऱ्या कारखान्यांनी विजेचा वापर सूट मिळालेल्या कारखान्यांपेक्षा अधिक कमी केल्याचे आढळले. करार आखणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष समोर ठेवला पाहिजे, कारण सौम्य उद्दिष्टाच्या बदल्यात मोठी सूट दिली तर करार बचतीला मारकच ठरतो.

तरीही मी करारांच्या बाजूने आहे, त्याचे कारण स्वीडन. तेथे २००५ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात सवलत होती ती प्रति युनिट अर्धा ओरे (ओरे म्हणजे स्वीडिश क्रोनाचा शंभरावा भाग) एवढ्या करमाफीची, म्हणजे विजेच्या दराच्या मानाने किरकोळ. त्या बदल्यात कंपनीने दोन वर्षांत ऊर्जा व्यवस्थापन पद्धत बसवून ती प्रमाणित करून घ्यायची, सखोल परीक्षण करायचे आणि ज्या उपायांचा खर्च तीन वर्षांच्या आत भरून निघतो ते अमलात आणायचे. सुमारे १०० कंपन्या सहभागी झाल्या आणि पहिल्या पाच वर्षांच्या टप्प्याअखेर वर्षाला सुमारे १४५ कोटी युनिट विजेची बचत नोंदवली गेली. हे उपाय आधीही फायद्याचेच होते. उणीव होती ती कारखान्यात त्यांची जबाबदारी कोणाकडे तरी असण्याची.

ही उणीव मला प्रत्येक परीक्षणात दिसते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून फक्त एअर कॉम्प्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ लोडवर (हवा दाबत) व किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत) राहतो याची नोंद घ्यावी. कोणीही हवा वापरत नसताना तो जेवढा वेळ लोड घेतो, तेवढी हवा गळत असते. सात बारच्या लाइनवर तीन मिलिमीटरचे एक छिद्र सुमारे तीन ते चार किलोवॅट वीज फुकट घालवते. दुरुस्तीला लागतो एखादा क्लॅम्प किंवा नवा होज. पण मेंटेनन्स विभागाचे मूल्यमापन बंद पडलेल्या यंत्रावर होते, गळणाऱ्या हवेवर होत नाही, आणि वीजबिल जाते अकाउंट्स विभागाकडे. व्यवस्थापनाने सही केलेला आणि दरवर्षी अहवाल मागणारा करार असला, की ती गळती कोणाच्या तरी नावावर पडते.

भारताने मोठ्या उद्योगांसाठी सक्तीचा मार्ग निवडला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ च्या आधारे २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजनेच्या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील ४७८ कारखाने होते. उद्दिष्ट सुमारे ६६.९ लाख टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचे होते आणि बचत सुमारे ८६.७ लाख टनांची झाली. मोठ्यांसाठी हाच मार्ग योग्य आहे, असे माझे मत आहे.

ऐच्छिक करारांची खरी जागा आहे ती या योजनेच्या कक्षेबाहेरच्या कारखान्यांत, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या फाउंड्रींत किंवा पुण्याच्या फोर्जिंग युनिटांत. वीज शुल्क राज्याच्या अखत्यारीत आहे आणि मागास भागातील नव्या उद्योगांना त्यात माफी दिलीही जाते. त्याच शुल्काचा छोटासा भाग बचतीच्या कराराशी जोडता येईल. फाउंड्रीत वितळलेल्या धातूच्या प्रत्येक टनामागे लागणारी युनिटे आणि विक्रीयोग्य कास्टिंगच्या प्रत्येक टनामागे लागणारी युनिटे, असे दोन्ही आकडे करारात हवेत; नाहीतर भट्टी सुधारते, पण रिजेक्शनमध्ये वाया जाणारी वीज हिशेबात येतच नाही. पायाभूत वर्ष संघटनेने न ठरवता प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाने ठरवावे, दरवर्षीची पडताळणी महाऊर्जेसारख्या (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण) यंत्रणेकडे असावी आणि उद्दिष्ट चुकल्यास घेतलेली सवलत पुढच्या बिलांतून वसूल होईल, हे कलम सही करतानाच स्पष्ट लिहिलेले असावे.