मेनफ्रेमवर लिनक्स गेस्टला व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड जोडलं, लाइट गेली आणि कार्ड गायब झालं. असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही परभणीहून घरून काम करता. झेड-व्हीएमवरच्या (मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टम) एका लिनक्स गेस्टला, म्हणजे त्यातल्या एका व्हर्च्युअल मशीनला, कन्सोलवरून नेटवर्क कार्ड जोडलं, पिंग लागला. मग लाइट गेली. तासाभराने परत आलात तर गेस्टच बंद. पुन्हा सगळं केलं, आता कार्ड दिसतं पण पिंग लागत नाही.

मी लातूरहून हेच काम करतो, त्यामुळे लाइटचा भाग चांगला ओळखीचा आहे. तिथूनच सुरुवात करतो.

टर्मिनल तुटलं म्हणून झेड-व्हीएम गेस्ट बंद करत नाही. गेस्ट नुसता डिस्कनेक्ट होतो आणि आत त्याचं काम चालूच राहतं. पण तुम्ही कार्ड जोडण्यासाठी कन्सोलवरून सीपीत, म्हणजे झेड-व्हीएमच्या मूळ कंट्रोल प्रोग्रॅममध्ये, उतरला होता. ३२७० स्क्रीनच्या (मेनफ्रेमच्या टर्मिनलच्या) उजव्या खालच्या कोपऱ्यात त्या वेळी ‘रनिंग’ नाही, ‘सीपी रीड’ असं आलेलं असतं. म्हणजे लिनक्स थांबलेला आहे आणि सीपी तुमच्या कमांडची वाट बघतंय. अशा अवस्थेत लाइन तुटली तर मूळ सेटिंगप्रमाणे सीपी १५ मिनिटं थांबतं आणि त्या यूजरला सरळ लॉगऑफ करतं. आपल्याकडे एकदा लाइट गेली की १५ मिनिटांत कुठली यायला! म्हणून कन्सोलवर बसलात की आधी ‘सेट रन ऑन’ द्या, म्हणजे सीपी रीडमध्येही गेस्ट पळत राहतो. आणि कमांडच्या आधी ‘हॅश सीपी’ लावायची सवय करा. कमांड चालते आणि तुम्ही लगेच लिनक्समध्ये परत येता. नेटवर्क चालू असेल तर याहून बरं म्हणजे एसएसएचने आत जाऊन ‘व्हीएमसीपी’ (लिनक्समधूनच सीपीला कमांड देणारी कमांड) वापरणं. कन्सोलला हात लावायचं कामच पडत नाही.

आता कार्ड का गेलं ते. ‘डिफाइन एनआयसी’ने केलेलं कार्ड फक्त त्या लॉगऑनपुरतं असतं. शेताची तोंडी वाटणी झाली पण सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, तशी त्याची गत. इथला सातबारा म्हणजे यूजर डिरेक्टरी, प्रत्येक गेस्टची नोंद असलेली फाइल. तुमच्या गेस्टच्या नोंदीत ही ओळ हवी: ‘एनआयसीडेफ ०६०० टाइप क्यूडीआयओ लॅन सिस्टम’ आणि पुढे तुमच्या व्हीस्विचचं, म्हणजे गेस्टना लॅनला जोडणाऱ्या व्हर्च्युअल स्विचचं, नाव. ही ओळ असली की प्रत्येक लॉगऑनला कार्ड आपोआप तयार होतं आणि स्विचला जोडलंही जातं. एक कार्ड तीन पत्ते खातं: ०६००, ०६०१, ०६०२, म्हणजे वाचायला एक, लिहायला एक, डेटाला एक. दुसरं कार्ड ०६०१ वर टाकू नका. तुमच्याकडे डिरमेंट (डिरेक्टरी सांभाळणारं साधन) असेल तर बदल त्याच्यातूनच करा. नसेल तर फाइल बदलून ‘डिरेक्टएक्सए’ चालवा. यानंतर गेस्टचं लॉगऑफ-लॉगऑन लागतंच. लिनक्स आतून रीबूट केल्याने नवी डिरेक्टरी वाचली जात नाही.

व्हीस्विचचंही तेच. कमांडने केलेला स्विच पुढच्या आयपीएलपर्यंतच (अख्खी झेड-व्हीएम पुन्हा सुरू होईपर्यंतच) टिकतो, कायमचा हवा असेल तर तो ‘सिस्टम कॉन्फिग’ फाइलमध्ये लिहावा लागतो. त्या फाइलला हात लावलात तर ‘सीपीसिंटॅक्स’ (फाइलमधल्या चुका तपासणारी कमांड) चालवल्याशिवाय सोडू नका. तिथली चूक आयपीएलच्या वेळीच बाहेर येते, आणि तेव्हा अख्खी सिस्टम अडकलेली असते.

परवानगीचा मुद्दा वेगळा बघा. गेस्टला स्विचवर यायची मुभा ‘सेट व्हीस्विच ग्रँट’ने मिळते, पण रॅकफ (सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर) ताबा ठेवून असेल तर ती त्याच्या व्हीएमलॅन क्लासमध्ये अपडेट हक्काने द्यावी लागते. ग्रँट देऊनही ‘कपल’ला (कार्ड स्विचला जोडायच्या कमांडला) नकार येत असेल तर सिक्युरिटीवाल्यांना गाठा.

तुमचं कार्ड दिसतंय, म्हणजे अडचण बहुतेक लिनक्सच्या बाजूला आहे. स्विच एकतर इथरनेट, म्हणजे लेअर २, असतो नाहीतर आयपी, म्हणजे लेअर ३. गेस्टमधला क्यूईथ ड्रायव्हरही (लिनक्सचा या कार्डासाठीचा ड्रायव्हर) त्याच लेअरवर हवा, नाहीतर पॅकेट हलत नाही. पहिल्या वेळी कोणीतरी हाताने लेअर बदलला असेल आणि गेस्ट बंद होताच ते सेटिंग उडालं असेल, असा माझा अंदाज आहे. नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हर स्वतः ओळखून घेतो, जुन्यात सांगावं लागतं. ‘एलएसक्यूईथ’ चालवा, त्यात लेअर२ समोर १ आहे की ० ते बघा, आणि ‘क्वेरी व्हीस्विच डिटेल्स’मध्ये स्विच काय म्हणतो त्याच्याशी ताडून घ्या. बदलायचं असेल तर कार्ड आधी ऑफलाइन करावं लागतं, चालू कार्डावर बदल होत नाही. आणि ते लिनक्सच्या ‘सीएचझेडडेव्ह’ कमांडने करा, म्हणजे पुढच्या बूटलाही राहील.

एक सूचना. नेटवर आययूसीव्ही किंवा सीटीसी या जुन्या थेट जोडण्यांनी एकेक गेस्ट जोडायची जुनी टिपणं भरपूर सापडतात. ती सोडून द्या. २००३ साली झेड-व्हीएम ४.४ मध्ये व्हीस्विच आला, आणि बाहेरच्या लॅनला जोडायला मधे वेगळा राउटर गेस्ट ठेवायची गरज तेव्हाच संपली. हायपरसॉकेट्सचं काम निराळं आहे, ते एकाच मशीनमधल्या एलपार (मशीनचे केलेले स्वतंत्र भाग) एकमेकांना जोडायला. तुमच्या प्रश्नात त्याचा संबंध नाही.

लेअर जुळूनही पिंग लागला नाही तर गेटवेच्या मागे लागू नका. आधी त्याच व्हीस्विचवरच्या शेजारच्या गेस्टला पिंग करा. ओएसए कार्ड (मेनफ्रेमचं खरं नेटवर्क कार्ड) बंद असलं तरी स्विचच्या आतली वाहतूक चालते. शेजारी लागतो आणि गेटवे लागत नाही, तर ओएसए, कंट्रोलर (व्हीस्विचसाठी ओएसए सांभाळणारं व्हर्च्युअल मशीन) किंवा व्हीलॅन (लॅनचे पाडलेले वेगळे गट) तपासायचं, आणि त्यातला व्हीलॅनचा भाग नेटवर्क टीमसोबत बसून. शेजारीसुद्धा लागत नसेल तर घोळ तुमच्या गेस्टमध्येच आहे. यातलं काय होतंय तेवढं खाली लिहा, सोबत ‘क्वेरी व्हीस्विच डिटेल्स’चं उत्तर टाका, आयपी पत्ते तेवढे झाकून.