पीसीआरच्या आधीचं काम

चिरंजीव,
अ. उ. आ.

पावसाळ्याच्या तोंडावर कॉलराच्या कामाला हात घालत आहेस, म्हणून आधी नळी आणि प्लेटचं लिहितो. जीनोमचं शिकवणारे पुष्कळ भेटतील. पण कॉलनीच, म्हणजे प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपकाच, उगवली नाही तर वाचणार काय?

रुग्णाच्या जुलाबाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा हवा. लॅब दोन तासांहून लांब असेल तर स्वॅब कॅरी-ब्लेअरमध्ये (नमुना नेताना जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात) तळापर्यंत खोचायचा. बर्फ लागत नाही. पारा चाळिशीपार असेल तरच गारवा द्यायचा. स्वॅब सुकला की मात्र जंतू मेलाच म्हणून समज.

मग अल्कलाइन पेप्टोन वॉटर, म्हणजे कॉलराचा जंतू आधी वाढवून घ्यायचं द्रव माध्यम: लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 10 ग्रॅम पेप्टोन, 10 ग्रॅम मीठ, पीएच 8.5. बूच सैल राहिलं तर साठवणीत पीएच उतरतो आणि सगळा डाव फसतो. आतड्यातल्या इतर जंतूंना हा खारेपणा-अल्कलीपणा मानवत नाही, व्हिब्रिओ (कॉलराच्या जंतूचा वंश) त्यात झपाट्याने वाढतो. शिवाय त्याला हवा लागते, म्हणून तो पृष्ठभागावर गोळा होतो. तेव्हा 37 अंशांवर 6 ते 8 तासांनी नळी अजिबात न हलवता लूप (तारेचा फासा) वरच्या थरातूनच घे. उशीर केलास तर बाकीचे त्याला गाठतात. सकाळी 9 ला लावलेली नळी 5 च्या आत उघडायची. तेवढ्यासाठी थांबायला कुणी तयार नसतं, आणि मग 'कल्चर निगेटिव्ह' लिहिलं जातं.

लूपमधलं टीसीबीएसच्या प्लेटवर, म्हणजे व्हिब्रिओ निवडून वाढवणाऱ्या माध्यमावर, पसरायचं. हे माध्यम बनवताना फक्त उकळायचं, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करायचं नाही. दुसऱ्या दिवशी 2-4 मिलिमीटरच्या पिवळ्या, चपट्या, चकचकीत कॉलनी दिसतील. पिवळं ते सगळं कॉलरा नव्हे, त्याचा भाऊबंद व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसही पिवळाच. ऑक्सिडेज (जंतू ओळखायची रंगाची चाचणी) या प्लेटवरून थेट करू नकोस, ॲसिडमुळे खोटं निगेटिव्ह येतं. आधी न्यूट्रिएंट अगार या साध्या माध्यमावर घे. लाकडी काडी वापर. निक्रोम या मिश्रधातूची लूप खोटं पॉझिटिव्ह दाखवते.

अँटिसीरम (ठरावीक प्रकारच्या जंतूच्याच गुठळ्या करणारा द्रव) लावण्याआधी जंतू नुसत्या सलाइनमध्ये बघ. तिथेच गुठळ्या धरल्या तर पुढचं वाचन निरर्थक. ओ1 आणि ओ139 हे साथ आणणारे कॉलराचे दोन सेरोग्रुप, म्हणजे अँटिसीरमने ओळखले जाणारे प्रकार; ओ1 निगेटिव्ह आला तरी ओ139 तपास. 1992 मध्ये मद्रासेत तो असाच ओ1 च्या जाळ्यातून निसटत होता.

मग सीटीएक्सए या, कॉलराचं विष बनवणाऱ्या, जनुकाचा पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधायची चाचणी). कॉलराचे संशोधक शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कॉलराच्या कल्चरच्या जंतूविरहित गाळीव द्रवानेच सशाच्या आतड्यात पाणी भरवून दाखवलं, ते याच जनुकातून येणाऱ्या विषामुळे. नदीतला ओ1 कित्येकदा या जनुकाविना असतो, त्यामुळे अहवालात सेरोग्रुप आणि विष वेगवेगळ्या रकान्यांत लिही.