कचरागाडी वळली की तेच गाणे का?

प्रश्न : आमच्या रामबागेतल्या गल्लीत कचरागाडी वळते, त्याची चित्रफीत काढून माझ्या नातवाने तिच्यावर एक वेगवान इंग्रजी नाचगाणे चढवले आणि घरातली मुले हसून लोळली. घसरणाऱ्या मांजरावर, हातगाडीवरही हेच गाणे ऐकू येते. यात विनोद कोणता?
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून ते गाणे ‘युरोबीट’ प्रकारातले असावे, बहुधा डेव्ह रॉजर्स या इटालियन गायकाचे ‘देजा वू’. या प्रकाराची कुळकथा गमतीची आहे. इटलीतल्या स्टुडिओंत तयार होणारी आणि इंग्रजीत गायली जाणारी ही गाणी मुख्यतः जपानी डिस्कोंसाठी बनत. खुद्द युरोपात त्यांना फारसे कोणी विचारत नसे. शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा 1995 मध्ये सुरू झाली आणि 1998 मध्ये तिच्यावरून आलेल्या ॲनिमेशन मालिकेत शर्यतींना हे संगीत लावले गेले. तिचा नायक ताकुमी हा वडिलांच्या दुकानातला टोफू जुन्या टोयोटातून पहाटे घाटापलीकडे पोचवणारा शाळकरी मुलगा असून, त्या रोजच्या फेऱ्यांमुळेच तो उतारावरच्या वळणांवर चाके घसरवत गाडी काढण्यात तरबेज झालेला असतो.

विनोदाचे मूळ मालिकेच्या मांडणीतच आहे. पात्रे गंभीर चेहऱ्याने टायर, उतार आणि प्रतिस्पर्ध्याची चाल यांवर लांबलचक चर्चा करतात आणि ऐन निर्णायक वळणावर मिनिटाला सुमारे 150 ते 160 ठेक्यांचे गाणे उसळते. पहिल्या पर्वातल्या संगणकावर रेखलेल्या गाड्या आज खेळण्यातल्या वाटतात. माझ्या मते तिथला वेग डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक जाणवतो. त्यामुळे चित्र काढून घेतले तरी गाण्यात वेग उरतोच, शिवाय शब्दांचा कथेशी फारसा संबंध नसल्याने ते कशालाही चिकटते.

2017 च्या सुमारास हौशी संकलकांनी ते घसरणाऱ्या प्रत्येक वस्तूला जोडण्याचा सपाटा लावला. आधी काही क्षण चित्र साधेच ठेवायचे आणि वस्तू तिरपी झाली की थेट ध्रुवपद सुरू करायचे, ही त्यातली युक्ती. ठेका पक्का असल्याने कापाकापीही सोपी जाते. आपल्या इंदुरी कचरागाडीला स्वतःचे गाणे असतेच, तेव्हा नातवाने ते वळणापर्यंत वाजू देऊन मगच युरोबीट आणले असेल, तर त्याला संकलनाची चांगली जाण आहे. वाहन जितके संथ, तितके हसू अधिक. मालिका न पाहिलेल्यालाही ही विसंगती कळते. पाहिलेल्याला मात्र त्या चालकाच्या जागी ताकुमीचा निर्विकार चेहरा दिसतो. जपानमध्ये तर या लाटेच्या बऱ्याच आधी एका हौशी विडंबन-चित्रकथेत मोटारींऐवजी आगगाड्यांची शर्यत लावली गेली होती आणि त्यातली गाडी शेजारशेजारच्या दोन लोहमार्गांवर एकाच वेळी तिरपी घसरत जाते.