मुलीच्या महाविद्यालयाजवळचे घर आणि वीस वर्षांचे कर्ज

सप्रेम नमस्कार.

आपण कळवता की आपण आणि आपले पती दोघेही नोकरी करता, दोघांचे वय पंचेचाळीस आहे आणि मुलीला यंदा दुसऱ्या शहरात चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. तिच्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन खोल्यांचे एक घर विकाऊ आहे. एका खोलीत मुलगी राहील, उरलेल्या दोन खोल्या विद्यार्थिनींना भाड्याने देता येतील आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता परस्पर फिटत जाईल, असा आपला विचार आहे. आपण पाठवलेले सर्व आकडे मी बारकाईने तपासले. हे घर आपण घेऊ नये, असे माझे मत झाले आहे. घर घेण्याची कल्पनाच चुकीची आहे असे मात्र मला वाटत नाही, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून घराची किंमत १०० धरू आणि बाकीचे आकडे त्याच मापात मांडू. खरेदीचे शुल्क, दलाली, कायदेशीर तपासणी आणि कर्जाचे शुल्क मिळून सुमारे ८ लागतील. विद्यार्थ्यांना रिकामे घर चालत नाही. पलंग, टेबले, कपाटे, स्वयंपाकाची साधने यांसाठी आणखी ४ धरावे लागतील. म्हणजे १०० चे घर आपल्याला ११२ ला पडते. आपण ७० कर्ज घेणार आहात, तेव्हा स्वतःच्या बचतीतून ४२ घालावे लागतील. आपली एकूण बचत ४८ आहे. हातात उरतील ६, आणि तेवढ्यात आपला जेमतेम चार महिन्यांचा घरखर्च भागेल.

आता भाडे. आपण तीनही खोल्यांचे मिळून वर्षाला ६ धरले आहेत. मुलीच्या खोलीचे भाडे प्रत्यक्ष हातात येणार नसले तरी तिच्या वसतिगृहाचा खर्च वाचतो, त्यामुळे ते उत्पन्नात धरणे योग्यच आहे. परंतु पहिल्यांदा घरमालक होणारी बहुतेक माणसे करतात तीच गोष्ट आपणही केली आहे: भाडे बारा महिन्यांचे धरले आहे. विद्यार्थ्यांचे वर्ष परीक्षेबरोबर संपते. सुट्टीत ती घरी जातात, त्या काळाचे भाडे देण्यास अनेक पालक तयार नसतात, आणि जुने भाडेकरू जाऊन नवे येईपर्यंत खोल्या रिकाम्या राहतात. भाडेकरार बारा महिन्यांचा करून घेता आला तर उत्तमच, पण तो होईल असे गृहीत धरू नये. दहा महिन्यांचे भाडे धरले तर ६ चे ५ होतात. त्यातून देखभाल, स्थानिक कर, विमा, रंगकाम, नळ-विजेच्या दुरुस्त्या आणि दूरवर राहत असल्यामुळे घराकडे लक्ष ठेवणाऱ्याचे मानधन असा ३० टक्के खर्च वजा केल्यास ३.५ उरतात. विद्यार्थ्यांच्या घराची झीज कुटुंबाच्या घरापेक्षा लवकर होते, कारण दरवर्षी माणसे बदलतात आणि प्रत्येक बदलात सामान हलते. त्यामुळे ३० टक्क्यांचा अंदाज मला जास्त वाटत नाही.

७० च्या कर्जावर ९ टक्के व्याजदराने २० वर्षांसाठी वर्षाचे हप्ते होतात सुमारे ७.५६. त्यातून भाड्याचे ३.५ वजा केले तरी दरवर्षी ४ पेक्षा थोडे अधिक आपल्या पगारातून भरावे लागतील. आपले वार्षिक उत्पन्न २५ आहे. म्हणजे उत्पन्नाचा जवळजवळ सहावा हिस्सा. भाडे हप्ता फेडेल हे आपल्या विचारातील मध्यवर्ती गृहीतक आहे, आणि तेच टिकत नाही.

हप्त्याच्या पोटात काय असते तेही पाहायला हवे. पहिल्या वर्षी भरलेल्या ७.५६ पैकी सुमारे ६.२५ व्याजापोटी जातात आणि मुद्दल फिटते ते केवळ १.३. निव्वळ भाडे ३.५ असल्याने ते व्याजालासुद्धा पुरत नाही, २.७५ ची तूट राहते. शिवाय आपले स्वतःचे जे ४२ घरात अडकतात, ते सुरक्षित ठेवीत ६ टक्क्यांनी राहिले असते तर वर्षाला सुमारे २.५ मिळाले असते. या दोन्हींची बेरीज सव्वापाच होते. याचा अर्थ असा की, खरेदीचे ८ आणि फर्निचरचे ४ बाजूला ठेवले तरी, घराची किंमत पहिल्या वर्षी सव्वापाच टक्क्यांनी वाढली तरच आपण घर न घेता जिथे असता तिथे असाल, आणि त्यापुढे जे वाढेल त्यातून आधी ते १२ भरून निघावे लागतील. किंमत इतकी वाढणारच नाही असे मी म्हणत नाही. परंतु मग हा भाड्याच्या उत्पन्नासाठी केलेला व्यवहार राहत नाही. किंमत वाढेल या अपेक्षेवर, तीही कर्ज काढून, केलेली ही गुंतवणूक ठरते, आणि तिच्याकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

माझी खरी चिंता वाईट वर्षाची आहे. दोन्ही खोल्या वर्षभर रिकाम्या राहिल्या आणि मुलगी शिकून बाहेर पडलेली असली, तर ७.५६ हप्ता आणि घराचा किमान खर्च सुमारे १ असे साडेआठ आपल्याला भरावे लागतील. आपण वर्षाला उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे ६.२५ बचत करता. तुटीचे सव्वादोन कोठून आणणार? हातातले ६ आहेत, पण त्याच वर्षी दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा मोठे आजारपण आले तर तेही उरणार नाहीत. व्याजदर बदलता असेल आणि तो ९ वरून ११ टक्क्यांवर गेला, तर हप्ते वर्षाला आणखी १.१ ने वाढतात. असे वर्ष काल्पनिक नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे जगभरातील शिक्षणसंस्था बंद झाल्या, युनेस्कोच्या गणनेनुसार दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचे शिक्षण खंडित झाले, आणि विद्यापीठांच्या गावांतील असंख्य खोल्या रिकाम्या पडल्या. पण त्यासाठी महासाथच यावी लागते असे नाही. महाविद्यालयाने स्वतःचे नवे वसतिगृह बांधले, एखादा अभ्यासक्रम बंद केला किंवा एखादा विभाग दुसरीकडे हलवला, तरी एकाच संस्थेच्या विद्यार्थ्यांवर अवलंबून असलेल्या घराची मागणी एका प्रवेशसत्रात ओसरते. संस्थेच्या विस्ताराच्या योजना काय आहेत याची चौकशी करणे हे घराच्या भिंती तपासण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कर्जाच्या मुदतीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलगी चार वर्षे राहील, कर्ज वीस वर्षे चालेल. उरलेली सोळा वर्षे या घराचे कारण तिचे शिक्षण नसेल, आणि शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा आपण दोघेही पासष्ट वर्षांचे असाल. चार वर्षांनी घर विकून टाकू, असेही आपण लिहिले आहे. पण खरेदीचे ८ गेलेले असतात, फर्निचरचे ४ जवळजवळ संपलेले असतात, विकताना पुन्हा दोन-तीन लागतात आणि नफ्यावर कर असू शकतो. इतक्या थोड्या काळासाठी घर घेणे क्वचितच परवडते.

मुलीविषयी लिहिताना मी थोडा सल्लागाराच्या मर्यादेबाहेर जातो आहे, तरी लिहितो. ती घरात राहील म्हणून घराकडे लक्ष राहील, असे आपण म्हणता. प्रत्यक्षात एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्याच मैत्रिणींकडे थकलेले भाडे मागावे लागेल आणि मोडलेल्या दाराची तक्रार तिच्याकडेच येईल. तिच्या शिकण्याच्या वर्षांवर हे ओझे पडू नये, असे मला मनापासून वाटते. घर घेतलेच तर भाड्याचा व्यवहार आपण स्वतः, लेखी करारानेच करावा.

मग काय करावे? आपल्या पत्रात आणखी एका लहान, दोन खोल्यांच्या घराचा उल्लेख आहे. किंमत ६०, महाविद्यालयापासून थोडे दूर, पण बाजारपेठ आणि कार्यालये जवळ असलेल्या भागात. मला ते अधिक योग्य वाटते. सर्व खर्चांसह ते सुमारे ६७ ला पडेल. बचतीतून ३० घातले तर कर्ज ३७ चे होईल आणि जवळजवळ वर्षभराच्या घरखर्चाइतके १८ हाताशी राहतील. वर्षाचे हप्ते ४, भाड्याचे प्रमाण तेच धरले तर निव्वळ भाडे २.१, म्हणजे पगारातून भरायची रक्कम २ च्याही आत. घर पूर्ण वर्ष रिकामे राहिले तरी आपल्या चालू बचतीतून ते निभावेल. आणि विद्यार्थी नाही मिळाले तर नोकरदार किंवा लहान कुटुंब ते भाड्याने घेईल, ही त्यातील सर्वांत मोलाची बाब आहे.

तेही घेण्यापूर्वी दोन गोष्टींची लेखी खात्री करून घ्यावी. परस्परांशी नाते नसलेल्या व्यक्तींना एकाच घरात भाड्याने ठेवण्यावर काही ठिकाणी निर्बंध असतात किंवा परवाना लागतो. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे स्वयंपाकघर वा स्नानगृह सामाईक वापरत एका घरात राहत असतील तर २०१८ पासून परवाना बंधनकारक आहे. त्या शहराचे आणि त्या इमारतीचे नियम काय आहेत ते वकिलाकडून समजून घ्यावे. दुसरे म्हणजे करारात प्रत्येक विद्यार्थिनीच्या पालकांपैकी एकाला हमीदार करावे, अनामत रक्कम कशासाठी कापली जाईल ते स्पष्ट लिहावे आणि ताबा देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे तारखेसह काढून त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.

पहिल्या वर्षी मुलीला वसतिगृहात राहू द्यावे, असेही मी सुचवेन. त्या वर्षात तिला भेटायला जाताना आपण तो भाग वेगवेगळ्या महिन्यांत पाहाल, सुट्टीत किती घरांवर भाड्याच्या पाट्या लागतात ते डोळ्यांनी मोजता येईल, आणि लहान घराचा निर्णय त्यानंतर घेता येईल.

आपला,
आर्थिक सल्लागार