युझू: वाद्यं वाढली, जोडी तीच

‘हंटर × हंटर’ या जपानी ॲनिमे मालिकेतलं ‘ह्योरी इत्ताई’ हे गाणं ऐकून तुम्ही विचारलंय की, एवढा भरगच्च वाद्यमेळ असताना युझू या जपानी गायकद्वयाला लोक अजून ‘रस्त्यावरची गिटारवाली जोडी’ का म्हणतात? वाद्यं क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त दोन आवाज ऐका, लगेच कळेल.

कितागावा युजिन आणि इवासावा कोजी हे योकोहामाचे शाळासोबती. इसेझाकिचो या बाजारपेठेत मात्सुझाकाया हे मोठं दुकान रात्री बंद झालं की ते त्याच्या दारासमोर गायचे. दोन गिटार, हार्मोनिका, टॅम्बोरीन, बस्स. रस्त्यावरचा माणूस दोन ओळींत थांबतो, नाहीतर पुढे जातो. इवासावाचा उंच, धारदार सूर त्याला थांबवतो आणि कितागावाचा खालचा आवाज धरून ठेवतो. ही बांधणी आजतागायत बदललेली नाही.

जून १९९८मध्ये त्यांचं ‘नात्सुइरो’ हे गाणं आलं आणि गर्दी हाताबाहेर गेली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला त्यांनी तिथला शेवटचा कार्यक्रम केला. पाऊस असूनही सुमारे ७,५०० लोक जमले होते! पुढे २००१मध्ये टोकियो डोम या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये बँड न घेता दोघंच उभे राहिले. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण हाच.

बहुतेक जपानी माणसं मात्र २००४चं नाव घेतील. ‘एइको नो काकेहाशी’ हे एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या अथेन्स ऑलिंपिक प्रक्षेपणाचं गाणं होतं. पुरुषांच्या सांघिक जिम्नॅस्टिक्समध्ये टोमिता हिरोयुकीने हॉरिझॉन्टल बार सोडून शेवटची झेप घेतली, तेव्हा समालोचकाने त्या झेपेचं वर्णन करताना गाण्याचं शीर्षकच वाक्यात गुंफलं. टोमिता पाय रोवून उतरला आणि जपानला २८ वर्षांनी सांघिक सुवर्ण मिळालं. २०१७च्या ‘कोहाकु’ या वर्षअखेरच्या मैफलीची सांगताही याच गाण्याने झाली.

अलीकडच्या काही गाण्यांत इलेक्ट्रॉनिक भरणा जरा जास्तच झालाय, असं माझं मत आहे. पण ती गाणी नुसत्या गिटारवर घेतली तरी उभी राहतात, कारण चाल दोन गळ्यांसाठीच बांधलेली असते.

सुरुवात १९९८च्या ‘युझू इक्का’ या अल्बमपासून करा. मग २०००चं ‘तोबेनाइ तोरी’ ऐका, हे इवासावाचं आहे. कितागावाची गाणी आधी गाजल्यामुळे इवासावाच्या लेखणीकडे नव्या श्रोत्यांचं दुर्लक्ष होतं, तेवढं तुम्ही करू नका.