एकच डेटाबेस कनेक्शन सगळ्या टीमला द्यावं का?

तुमच्या टीममधला प्रत्येक जण एकाच पोस्टग्रेस डेटाबेसला आपापलं कनेक्शन जोडतो आणि रिपोर्टमधले आकडे जुळत नाहीत. म्हणून एकच कनेक्शन करून त्याचा पासवर्ड सगळ्यांना द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

कनेक्शन एकच करा, पासवर्ड मात्र वाटू नका. बहुतेक बीआय टूल्समध्ये, म्हणजे रिपोर्ट आणि डॅशबोर्ड बनवणाऱ्या टूल्समध्ये, अ‍ॅडमिनने एकदा कनेक्शन जोडलं की बाकीचे ते नुसतं वापरतात, त्यांना पासवर्ड लागतच नाही. मेटाबेसमध्ये असंच चालतं. टॅब्लोमध्ये डेटा सोर्स पब्लिश करताना पासवर्ड आत साठवायचा की प्रत्येकाला विचारायचा, हे ठरवता येतं.

हा पर्याय घाईत निवडू नका. क्वेरी (डेटाबेसकडे केलेली डेटाची मागणी) कोणाच्या परवानगीने चालणार, ते इथेच ठरतं. लुकर स्टुडिओमध्ये मालकाचे क्रेडेन्शियल्स (लॉगिनची माहिती) ठेवले, तर ज्याला रिपोर्ट उघडता येतो त्याला त्यातला डेटा दिसतो, मूळ टेबलचा अ‍ॅक्सेस त्याला नसला तरीही. विक्रीच्या एकूण आकड्यांना हे चालेल. पगार किंवा ग्राहकांचे फोन नंबर असतील तर अजिबात चालणार नाही. तिथे पाहणाऱ्याचेच क्रेडेन्शियल्स लावा, नाहीतर डेटाबेसमध्ये नको ते कॉलम वगळून व्ह्यू (टेबलाचा ठरावीक भागच दाखवणारी साठवलेली क्वेरी) बनवा आणि कनेक्शनला तेवढाच दाखवा. मला व्ह्यूचा मार्ग जास्त पटतो, कारण उद्या टूल बदललं तरी ती मर्यादा तशीच राहते.

कनेक्शन कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर नको. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि खातं बंद झालं की त्यावरचे डॅशबोर्डही बंद पडतात. पोस्टग्रेसमध्ये आधी लॉगिन नसलेला एक रोल (परवानग्यांचा गट) बनवा, त्याला फक्त सिलेक्टची, म्हणजे डेटा वाचण्याची, परवानगी द्या, आणि प्रत्येक टूलसाठी वेगळा लॉगिन युजर त्या रोलमध्ये घाला. यामुळे पासवर्ड बदलणंही सोपं होतं: त्याच रोलमध्ये दुसरा युजर बनवायचा, टूल त्यावर हलवायचं, सगळं चालतंय याची खात्री झाली की जुना काढून टाकायचा.

इथे एक गोष्ट हमखास अडते. स्कीमामधल्या (डेटाबेसमधल्या टेबलांच्या एका गटातल्या) सगळ्या टेबलांवर सिलेक्ट दिलं, तरी ते त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतंच असतं. उद्या नवं टेबल आलं की ‘परवानगी नाही’ असा एरर येतो. त्यासाठी पुढे बनणाऱ्या टेबलांची परवानगी आधीच ठरवणारी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ ही कमांड वापरा, आणि तेही टेबल बनवणाऱ्या रोलसाठी लावा. दुसऱ्याच रोलसाठी लावलं तर त्याचा उपयोग होत नाही.

मर्यादाही आत्ताच घाला. पोस्टग्रेसमध्ये एकूण कनेक्शन्सची मूळ मर्यादा सहसा 100 असते आणि क्वेरीच्या वेळेवर मूळ सेटिंगमध्ये काहीच बंधन नसतं. युजरला कनेक्शन लिमिट आणि स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरीची वेळमर्यादा) द्या. शक्य असेल तर मुख्य डेटाबेसऐवजी रीड रेप्लिकाला (त्याच्या फक्त वाचण्यासाठीच्या प्रतीला) जोडा. कोणाच्या तरी भल्यामोठ्या जॉइनमुळे (अनेक टेबलं जोडणाऱ्या क्वेरीमुळे) ग्राहकांचं अ‍ॅप मंदावणं बरं नव्हे.

आता आकडे न जुळण्याबद्दल. कनेक्शन एक केल्याने ते आपोआप जुळणार नाहीत. ‘सक्रिय ग्राहक’ एकाने तीस दिवसांचा धरला आणि दुसऱ्याने नव्वद, तर एकाच कनेक्शनवरून दोन उत्तरं येतील. त्यामुळे व्याख्यांसह तयार केलेला डेटासेट शेअर करा: पॉवर बीआयमध्ये सिमॅंटिक मॉडेल, टॅब्लोमध्ये पब्लिश केलेला डेटा सोर्स. प्रत्येक डेटासेटला एक जबाबदार माणूस नेमा आणि डेटासेटच्या वर्णनात व्याख्या साध्या भाषेत लिहून ठेवा. या कामाला वेळ लागतो, वादही होतात, पण तुमचा खरा त्रास इथेच सुटेल.

नोटबुक वापरणाऱ्यांना, म्हणजे स्वतः कोड लिहून डेटा तपासणाऱ्यांना, वैयक्तिक, फक्त वाचण्यापुरते युजर द्या आणि पासवर्ड कोडच्या बाहेर, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (सिस्टीमच्या सेटिंगमध्ये) किंवा सीक्रेट मॅनेजरमध्ये (पासवर्ड जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवायला सांगा. कोडमध्ये लिहून गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये) कमिट केलेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो. असा पासवर्ड किंवा चॅटवर फिरलेला पासवर्ड तुमच्याकडे आधीच असेल, तर बाकी कशालाही हात लावण्याआधी तो बदला.