स्पर्धेच्या आदल्या दिवशी घोडी बिथरली तर काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पाच वर्षांची मारवाडी घोडी, घरी रेवाल चाल (स्वाराला हिसका न देणारी झपझप चाल) सुरेख चालते. काल टेम्पोतून सारंगखेड्याच्या यात्रेत आणली, उद्या चालीची स्पर्धा. आज सकाळपासून लगाम तोंडात घेईना आणि वर बसलं की मागच्या पायांवर उभी राहते. घरचे म्हणतात, "तिले दोन तास पयू दे, मंग येई ठिकानवर."

पळवू नका. आज तिला काही शिकवायचंच नाही. जी चाल तिच्या अंगात महिनोन्‌महिने मुरली ती एका रात्रीत जात नाही, आणि जे येत नाही ते आज दिवस मावळेपर्यंत येणारही नाही. आज एवढंच शोधायचं की कालपासून तिचं काय काय बदललं. मी शहादा तालुक्यातला, वडिलांच्या काळापासून दारात घोडं आहे. दत्तजयंतीच्या यात्रेत अशी बिथरलेली घोडी दर साली दिसते. मालक तिच्या स्वभावाला बोल लावतो. कारण बहुतेक वेळा पोटात, पायात, तोंडात नाहीतर शेजारच्या दावणीला असतं.

सगळ्यात आधी पोट बघा, कारण ते जिवावर बेतू शकतं. रात्रीपासून लीद किती टाकली? चांगलं घोडं दिवसाला आठ-दहा वेळा तरी टाकतं. लीद कमी, बारीक, कोरडी असेल, ती सारखी मागे वळून कुशीकडे बघत असेल, पुढच्या पायाने माती उकरत असेल, बसून उठून परत बसत असेल, तर तो हट्ट नाही, पोटशूळ आहे. घोडी शांत उभी असताना जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला बोटं आत सरकवा. तिथे एक जाड नस हाताखाली सरकते. घड्याळ लावून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला २८ ते ४४ ठीक. आराम करतानाही ६० च्या वर असतील तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरला बोलवा. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. कुशीला कान लावा, गुडगुड ऐकू आली पाहिजे. दोन्ही बाजूंनी पोट अगदी गप्प असेल तर डॉक्टर येईपर्यंत चारा-दाणा बंद. अंगात ताप वाटला तर थर्मामीटर लावून बघा, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे नेहमीचं. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. फोन करताना हे आकडे सांगा, समोरच्याला लगेच अंदाज येतो.

आणि कुणी बांबूच्या नळ्याने तेल किंवा काढा पाजायला आला तर हात धरा. घोड्याला उलटी होत नाही, आणि असं जबरदस्तीने ओतलेलं फुप्फुसात गेलं की नवंच दुखणं लागतं. तेल द्यायचं असेल तर ते डॉक्टर नाकातून नळी घालून देतात.

पोट बरं असेल तर पाणी. मार्गशीर्षात आपल्याकडे रात्री कडाक्याची थंडी पडते. थंडगार आणि चवीला परकं पाणी घोडं तोंड लावून सोडून देतं. एरवी दिवसाला २५-३० लिटर सहज पिणारी घोडी अर्ध्यावर येते, आणि वरून कोरडा कडबा. मग पोट बांधणारच. पाणी कोमट करा, थोडा गूळ विरघळवा. पुढच्या वेळी घरच्या पाण्याचे दोन कॅन टेम्पोत टाकून आणा. चंदीचं, म्हणजे दाण्याचं, उलट होतं: यात्रेला आलो म्हणून कौतुकाने हरभरा वाढवला जातो आणि घोडी दिवसभर खुंट्याला उभी. ती अंगातली गरमी कुठेतरी निघणारच. आज दाणा निम्मा करा, कडबा मोकळा ठेवा.

आता पाय आणि तोंड. यात्रेपूर्वी नवीन नाल ठोकले का? एखादा खिळा आत जिवंत भागाजवळ गेला की घोडी लंगडेलच असं नाही, पण पाऊल उचलायला नाखूश होते. चारही खुरांना हाताची मागची बाजू लावून बघा, एकच खूर इतरांपेक्षा गरम लागला तर नालबंदाला बोलवा. तोंडाच्या कोपऱ्यात जखम आहे का, जिभेवर ओरखडा आहे का, तेही बघा. लगाम न घेणाऱ्या घोडीला लोक काटेरी कडियाळ (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग) घालतात, हे मला कधीच पटलेलं नाही. आधीच दुखणाऱ्या तोंडात काटे गेले की ती वर उठणार नाही तर काय करणार? तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तोंडावरच आहे.

शेजारी नर बांधलाय का? थंडीत बहुतेक घोड्या माजावर येत नाहीत, पण आपल्याकडे काही येतात. शेपटी वर, थोडी थोडी लघवी, सारखं खिंकाळणं, ही खूण. असेल तर तिची जागा बदला, बाकी काही करता येत नाही.

आता झोपेचं, जे कुणी मोजत नाही. घोडं उभ्याउभ्या डुलकी घेतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि परक्या जागी भीती वाटली तर पहिल्या रात्री ते आडवं होतच नाही. त्यात यात्रेतला लाऊडस्पीकर, पाळणे, मौत का कुआँ. तुमची घोडी कदाचित नुसती जागरणाने चिडली असेल. आज रात्री तिला गोंगाटापासून लांबच्या कडेला न्या, खाली भरपूर पेंढा टाका. घरचं दुसरं जनावर असेल तर ते दिसेल असं बांधा. रोज चारा टाकणारा माणूस तिच्याजवळ झोपू दे, हौशी पाहुणा नको.

दुखणं काहीच सापडलं नाही, तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर सावकाश खरारा करा. मग लगाम न घालता, नुसत्या दोराने, स्पर्धेच्या मैदानापर्यंत चालवत न्या. अडली तर ओढू नका, तिथेच उभे रहा, तिला बघू दे. नाकाच्या अगदी समोरचं तिला दिसत नाही, म्हणून मान वळवून बघायची मोकळीक द्या. फुरफुरून मान खाली सोडली की पुढे चला. परत येऊन लगाम घेतलाच तर वर बसा, साधी चाल, मग थोडीशी रेवाल, ती नीट झाली की लगेच उतरा. अजून एक फेरी मारून बघू असं वाटेल. मारू नका.

वर उठलीच तर लगाम ढिला सोडा, अंग पुढे झुकवा, मानेला बिलगा. लगाम ओढून धरला तर ती तुम्हाला घेऊन पाठीवर पडू शकते. ज्याला हे अंगवळणी नाही त्याने आज तिच्यावर बसू नये.

यात्रेत कुणीतरी "एक इंजेक्शन, उद्या गाय होईल" असंही सांगेल. दुखणं दाबलं तर ती दुखऱ्या पायावर धावेल, आणि गुंगीत पाऊल अडखळलं तर स्वारासकट खाली येईल. त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

उद्या सकाळी परत लीद, पाणी, ठोके, खूर. सगळं जागेवर असेल तर स्पर्धेआधी दोन-तीन तास दाणा बंद ठेवा, चार घास कडबा चालेल. मैदानाशी वेळेआधी जा, पण तिथे तासभर तालीम घेऊ नका. तोंडात जखम निघाली किंवा एखादा खूर गरम लागला तर नाव मागे घ्या. विकायला आणली असेल तरी घाबरू नका. जाणतं गिऱ्हाईक स्पर्धेच्या गर्दीत सौदा करत नाही. ते सकाळी दावणीशी येतं, दात बघतं, पाय उचलून बघतं, आणि घोडी शांत उभी राहते का ते बघतं.